मजुरी, मजूरी आणि शून्य

बाबांच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर ‘एम प्लस’ नावाची एक कळ आहे आणि तिच्यावरची अक्षरे त्यांच्या अंगठ्याने गेल्या कित्येक वर्षांत पूर्णपणे पुसून टाकली आहेत. गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागराचा, म्हणजे माड-पोफळींच्या बागेचा, सगळा हिशेब त्या एका कळीवर चालत आला आहे. एक आकडा काढायचा, तो त्या कळीत ठेवायचा, दुसरा काढायचा आणि पहिला परत बोलवायचा. अडचण एवढीच असते की त्या कळीत एका वेळी एकच आकडा मावतो आणि त्याला नाव नसते. त्यामुळे मध्येच कोणी अंगणातून हाक मारली आणि बाबा उठून गेले, तर परत येईपर्यंत आत ठेवलेला आकडा माडांचा होता, नारळांचा होता की पाडेल्याच्या, म्हणजे नारळ पाडणाऱ्याच्या, मजुरीचा, हे आठवेनासे होते. म्हणून ते प्रत्येक आकडा लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागे लिहून ठेवतात आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत नाव घालतात. त्यांना लागणारी वस्तू, म्हणजे नाव असलेला आकडा, कॅल्क्युलेटरमध्ये नसून पाकिटावर आहे, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली. आणि मी तर रोजीरोटीसाठी प्रोग्रॅम लिहिते.

शिकत असताना सरावासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा गणक लिहिला होता. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची आणि खाली उत्तर यायचे, यापलीकडे त्याच्यात काही नव्हते. गेल्या पावसाळ्यात तो जुन्या फोल्डरमध्ये सापडला, आणि बाबांच्या पाकिटांची आठवण होऊन मी त्याला व्हेरिएबल, म्हणजे नावे ठेवण्याची सोय, जोडायला बसले. दोन संध्याकाळींचे काम आहे असे वाटले होते. लागले साधारण तीन आठवडे, आणि त्यांतला फार थोडा वेळ प्रोग्रॅम लिहिण्यात गेला.

त्या गणकाची रचना अशा बहुतेक गणकांसारखीच होती, पण ती मराठीत सांगताना शाळेतली बीजगणिताची परिभाषा किती चपखल बसते, याची मला गंमत वाटली. राशी म्हणजे बेरीज-वजाबाकीने जोडलेली पदे. पद म्हणजे गुणाकार-भागाकाराने जोडलेले अवयव. अवयव म्हणजे एक तर साधी संख्या, नाही तर कंसात घातलेली अख्खी राशी. या तीन वाक्यांसाठी तीन फंक्शने, म्हणजे प्रोग्रॅमचे तीन छोटे भाग, लिहायची. राशी पदाला बोलावते, पद अवयवाला बोलावते आणि अवयवाला कंस दिसला की तो पुन्हा राशीला हाक मारतो. गुणाकार बेरजेच्या आधी करायचा, हा नियम कुठेही वेगळा लिहावा लागत नाही. कोण कोणाच्या पोटात आहे, यातूनच तो आपोआप पाळला जातो. आता यात भर एवढीच घालायची होती की अवयव म्हणजे एखादे नावही असू शकते, आणि ते आले की प्रोग्रॅमने आपल्या यादीत त्याची किंमत पाहावी. कागदावर ही अर्ध्या ओळीची भर आहे.

पण नाव म्हणजे काय, हे आधी यंत्राला सांगावे लागते. टंकलेली ओळ प्रथम सुट्या तुकड्यांत, म्हणजे टोकनांत, मोडली जाते: ही संख्या, हे अधिकचे चिन्ह, हा कंस. नाव ओळखण्यासाठी मी सवयीने तो दोन अक्षरी सांकेतिक नमुना वापरला, जो ‘शब्दातले कोणतेही चिन्ह’ या अर्थाने सगळे वापरतात. इंग्रजी नावांवर तो बिनतक्रार चालला. मग मी ‘मजुरी’ असे टंकले आणि प्रोग्रॅमने उत्तर दिले की त्याला एक अनोळखी चिन्ह सापडले आहे. ते चिन्ह होते ह्रस्व उकार. युनिकोड, म्हणजे संगणकातल्या लिपिचिन्हांची प्रमाण यादी, तिच्या वर्गवारीत क, ख, ग ही अक्षरे आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार यांची गणना अक्षरांत नसून खुणांमध्ये होते. आणि पायथनमधला तो नमुना अक्षरे आणि अंक घेतो, खुणा घेत नाही. त्यामुळे ‘मजुरी’चे ‘मज’ आणि ‘र’ असे दोन तुकडे झाले आणि उकार व वेलांटी अनाथासारखी मध्येच लोंबकळत राहिली. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कोणालाही ‘जु’ हे एकच अक्षर वाटते, त्याचे दोन भाग करून एकाला अक्षर म्हणायचे आणि दुसऱ्याला नाही, हे कोणाला सुचणारही नाही. मौज अशी की पायथन ही भाषा स्वतःच्या व्हेरिएबलांची नावे देवनागरीत बिनदिक्कत स्वीकारते, आणि एखादा शब्द नाव होण्यास योग्य आहे का, हे विचारण्याची तिच्यात वेगळी सोयही आहे. मी तीच वापरली. देवनागरी आकडे तर ती मुळातच वाचते. ९३० असे लिहिले तर तिला नऊशे तीस कळतात, फक्त उत्तर इंग्रजी आकड्यांत येते, ते उलटवून घेण्यासाठी एक ओळ जास्तीची लिहावी लागली.

‘सुपाऱ्या’ या शब्दाने आणखी एक दिवस खाल्ला. त्यातला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. माझ्या कळफलकावरून एक प्रकार येत होता आणि फोनवरून पाठवलेल्या मजकुरातून दुसरा. नाव यादीत घालण्यापूर्वी ते एकाच प्रमाण रूपात आणून घेतल्यावर हा घोळ मिटला.

त्यानंतर बरोबरचे चिन्ह. ‘दर = १००’ यातले ‘=’ हे शाळेतल्या ‘=’ सारखे दिसते, पण त्याचे काम निराळे आहे. इंग्लंडमधल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये दोन समांतर रेघांचे हे चिन्ह योजले ते दोन बाजू सारख्या आहेत असे सांगण्यासाठी. बरोबर चारशे वर्षांनी, १९५७ मध्ये, फोरट्रान या भाषेने तेच चिन्ह ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव’ अशा हुकुमासाठी वापरले आणि तेव्हापासून ‘नारळ = नारळ + ४०’ अशी ओळ गणिताच्या शिक्षकांना खुपत आली आहे. लगेच पुढच्या वर्षी आलेल्या अल्गॉल या भाषेने आधी दोन टिंबे आणि मग बरोबर, असे वेगळे चिन्ह घेऊन हा गोंधळ टाळला होता. मला ते मनापासून पटते. तरीही मी साधे ‘=’ ठेवले, कारण बाबा पाकिटावर तेच लिहितात.

प्रोग्रॅमच्या दृष्टीने इथे एक बारीक पेच आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘नारळ’ दिसले, तर ते वाचायचे आहे की त्यात काही ठेवायचे आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. पुढचे टोकन पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. ‘=’ असेल तर डावीकडचे नाव हे भांडे आहे, त्याच्या आत काय आहे हे विचारायचेही नाही. ‘=’ नसेल तर भांड्याशी कर्तव्य नाही, आतल्या आकड्याशी आहे. दुसरी गोष्ट अशी की उजवी बाजू पूर्णपणे सुटल्याशिवाय डावीकडे हात लावायचा नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नाव आधी यादीत घालत होते आणि किंमत मग काढत होते; त्यामुळे कोणी चुकून शून्याने भागले, तर तक्रार तर येई, पण तोवर नावाची जुनी किंमत पुसली गेलेली असे. शिवाय ‘पाय’ हे नाव मी राखीव ठेवले, वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले ते गुणोत्तर म्हणून, आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी गोठ्यातल्या गुरांचे पाय मोजायला ते वापरून पाहिले. त्यांनी ते मुद्दाम केले असावे, असा मला अजून संशय आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले, तिच्याकडे येते. ज्या नावाला अजून किंमत दिलेली नाही, ते कोणी वापरले तर काय करायचे? युनिक्स या संगणकप्रणालीत ‘बीसी’ नावाचा एक फार जुना आणि मला अतिशय आवडणारा गणक आहे. त्याच्या मूळ रूपात नावे फक्त एकेका इंग्रजी अक्षराची, म्हणजे एकूण २६, आणि ज्याला किंमत दिलेली नाही त्याची किंमत शून्य धरायची असा त्याचा नियम. मी तोच उचलला. मोठ्यांचा कित्ता होता आणि सोयीचाही होता, कारण तक्रारीचा संदेश लिहायची गरज नव्हती.

मे महिन्यातल्या पाडणीचा हिशेब घेऊन मी बाबांना शेजारी बसवले आणि प्रात्यक्षिक सुरू केले.

माड = ६२
दर = १००
मजुरी = माड * दर

उत्तर आले ६२००. बाबांनी मान हलवली.

नारळ = ९३०
भाव = २५
विक्री = नारळ * भाव

उत्तर आले २३२५०. मग मी ऐटीत शेवटची ओळ टंकली.

शिल्लक = विक्री - मजूरी

उत्तर पुन्हा २३२५०. माझ्या ते लक्षातही आले नाही. प्रोग्रॅम कोसळला नाही, तक्रार केली नाही, एवढ्याने मी खूश होते. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कोकणीत विचारले, “पाडेल्याक पयशे दिवंक नात?” पाडेल्याला पैसे दिले नाहीत का, असे. मजूर या शब्दातला ‘जू’ दीर्घ असतो आणि ‘मजुरी’त तो ह्रस्व होतो, हा शाळेतला नियम मला तोंडपाठ आहे, तरीही बोटांनी दीर्घ उकार टंकला होता. ‘मजूरी’ नावाचे काहीच यादीत नव्हते, म्हणून प्रोग्रॅमने तिची किंमत शून्य धरली, आणि बासष्ट माड चढून उतरलेल्या माणसाची ६२०० रुपयांची मेहनत एका उकाराने नाहीशी केली.

मी त्यांना घाईने समजावू लागले की जे नाव माहीत नाही ते शून्य, असा नियम आहे, जुन्या गणकांतही आहे. त्यावर ते एवढेच म्हणाले, “ना म्हळ्यार शून्य न्हय.” नाही म्हणजे शून्य नव्हे. आणि उठून त्यांनी कपाटातून वही काढली. गोव्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याकडेही बोलणे कोकणीत आणि वही मराठीत, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे. त्या वहीत काही ओळींपुढची जागा कोरी होती आणि काहींपुढे ठळक शून्य होते. शून्य म्हणजे व्यवहार झाला आणि देणे उरले नाही. कोरी जागा म्हणजे माणूस अजून यायचा आहे, आकडा ठरायचा आहे, आणि तोवर पानाची बेरीज करायची नाही. माझ्या प्रोग्रॅमला या दोहोंतला फरक करता येत नव्हता.

त्या रात्री मी तो नियम काढून टाकला. आता ‘मजूरी’ टंकले तर उत्तर येते: “‘मजूरी’ अजून ठरलेली नाही. ‘मजुरी’ म्हणायचे आहे का?” जवळचा शब्द शोधून देणारे साधन पायथनमध्ये तयारच मिळते. प्रोग्रॅमने ह्रस्व-दीर्घ सरळ एकच मानावे, असेही एका मित्राने सुचवले होते. मला ते मान्य नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक नव्हेत, ‘सुत’ आणि ‘सूत’ही नव्हेत, आणि यंत्राने परस्पर दुरुस्ती करून हिशेब पुढे रेटण्यापेक्षा थांबून विचारलेले कधीही बरे.

‘ठरलेली नाही’ हे शब्द निवडायलाही वेळ लागला. आपल्याकडे बीजगणितातल्या न कळलेल्या राशीला अव्यक्त म्हणत. बाराव्या शतकातले भास्कराचार्य पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जेवढे तेवढे’, आणि त्यापुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात. शाळेत आपण त्यांच्या जागी ‘समजा, क्ष’ म्हणतो. (भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड हे आमच्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे, हे सांगायची संधी मिळाली की कोणताही गोवेकर ती सोडत नाही.) ‘जेवढे तेवढे’ या नावात मला फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो: किंमत ठाऊक नाही, पण ती आहे, आणि शोधून काढायची आहे. माझ्या गणकाला समीकरण सोडवता येत नाही, तो काही शोधून काढणार नाही. त्यामुळे ‘अव्यक्त’ म्हणणे हा त्याच्या तोंडी मोठा घास झाला असता. पाठ्यपुस्तकांतला ‘चल’ हा शब्दही जुळेना, कारण बाबांच्या यादीतले बहुतेक आकडे वर्षभर जागचे हलत नाहीत. शेवटी सोयरिकीसारखे ‘ठरलेले’ आणि ‘न ठरलेले’ एवढेच ठेवले.

पुढचा प्रश्न बाबांच्या नव्हे, माझ्या भाच्याच्या तोंडून आला. त्याने भाव २५ चा २७ केला आणि शिल्लक विचारली. शिल्लक जुनीच आली. त्याला हे सपशेल चुकीचे वाटले. स्प्रेडशीटमध्ये एक घर बदलले की त्यावर अवलंबून असलेली सगळी घरे बदलतात, आणि १९७९ मधल्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटपासून लोकांना संगणकावरच्या हिशेबाची तीच सवय आहे. करणे अवघड नव्हते. नावापुढे आकडा न ठेवता अख्खी राशीच ठेवायची आणि नाव विचारले गेले की ती दर वेळी नव्याने सोडवायची; मात्र दोन नावे एकमेकांवर विसंबून असली की प्रोग्रॅम गोल गोल फिरत बसणार नाही, याची काळजी घ्यायची. मी तेही अर्धे लिहिले होते.

मग आजोबांची वही आठवली. तिच्यातल्या सुरुवातीच्या नोंदी पोर्तुगीज अमदानीतल्या रुपियांत आणि टांग्यांत आहेत, सोळा टांग्यांचा एक रुपिया. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस एश्कुद आले, एका रुपियाला सहा. आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया. चलन दोनदा बदलले, पण मागच्या पानावरचा एकही आकडा कोणी उलटवून लिहिलेला नाही. ज्या दिवशी जो भाव होता त्याने जेवढे झाले, तेवढे त्या दिवशीच्या शाईत राहिले. नारळ २५ च्या भावाने विकले गेले आणि पैसे हातात पडले. उद्या भाव २७ झाला म्हणून काल गेलेल्या नारळांचे जास्तीचे पैसे कोणी घरी आणून देत नाही. भाच्याचे म्हणणे पुढचा अंदाज बांधण्यासाठी बरोबर आहे, आणि त्यासाठी स्प्रेडशीट आहेच. माझ्या गणकाला मी वहीचा स्वभाव दिला. एक सुधारणा मात्र केली: ठरलेल्या नावाला कोणी नवी किंमत दिली, तर तो गुपचूप पुसून टाकत नाही, “भाव: २५ होता, आता २७” असे सांगतो. जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारून बाजूला नवा लिहावा, तसे.

प्रोग्रॅम बंद केला की सगळी नावे जात होती, हे बाबांना अजिबात रुचले नाही. रोज उठून माड किती ते परत का सांगायचे? साठवण्यासाठी मी कोणतीही खास रचना केली नाही. बंद होताना गणक एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘माड = ६२’ अशाच ओळी लिहून ठेवतो आणि सुरू होताना त्या ओळी जणू कोणी टंकल्या आहेत, अशा वाचतो. ओळ वाचून उलगडणारा भाग, म्हणजे पार्सर, तोच असल्यामुळे नवे काही लिहावे लागले नाही, आणि बाबांना ती फाइल छापून पाकिटासारखी खिशात घालता येते. पैशांसाठी दशमान अपूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार वापरला आहे, कारण संगणकाच्या नेहमीच्या द्विमान पद्धतीत एक दशांश नेमका मावत नाही, आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवल्यावर येणारी सतरा आकड्यांची शेपटी बाबांना समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती.

गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीतून कळांचा आवाज येत होता. जाऊन पाहिले तर बाबा आजोबांची वही उघडून बसले होते आणि पडद्यावर शेवटची ओळ होती: “‘खंडी’ अजून ठरलेली नाही.” त्यांनी ‘खंडी = २०’ असे टंकले, आणि मग एंटर न दाबता तसेच बसून राहिले. वहीत भाताची खंडी वीस कुडवांची होती आणि सुपारीची खंडी वीस मणांची. आकडा दोन्हीकडे वीसच, पण दोन्हींचे मिळून एकच नाव ठेवले, तर कधीतरी भात आणि सुपारी एकमेकांत मिसळतील, हे त्यांच्या ध्यानात आले होते. माझ्या गणकाला मापे कळत नाहीत, नुसत्या संख्या कळतात, असे मी सांगितले. नावात दोन शब्द कसे जोडायचे, ते त्यांनी विचारले. मी त्यांना खालच्या आडव्या रेघेची कळ दाखवली. त्यांनी ती ओळ पुसली आणि एकेक अक्षर शोधत, वेलांटी नीट पाहून, ‘खंडी_भात’ असे टंकायला घेतले.